जरा सरका, पाइलसाहेब!

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, 'जरा सरका' म्हणतो आणि आपण निमूटपणे सरकतो. समुद्रतळात रोवलेल्या पाइलला मात्र सरकायची सोय नाही. त्याला वाकावंच लागतं!

हा चौथा म्हणजे जॅक-अप रिग. १९७४ मध्ये मुंबई हायची पहिली विहीर खोदणारी 'सागर सम्राट' याच जातीची, समुद्रात पाय रोवून उभी राहणारी. प्रत्येक पायाखाली स्पडकॅन नावाचं लोखंडी पाऊल असतं, व्यास साधारण १० ते २० मीटर. रिगच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून वजन वाढवतात आणि पाय मुद्दाम खाली दाबतात. मऊ चिकणमाती असेल तर पाऊल स्वतःच्या व्यासापेक्षाही खोल जातं.

मग तिथली माती जाणार कुठे? काही वर, काही बाजूला. बाजूलाच प्लॅटफॉर्मचे पाइल! आपण वर्गात शिकतो की भार वरून येतो: डेकचं वजन, लाटा, वारा. इथे आधार देणारी मातीच भार होते आणि पाइलमध्ये बेंडिंग मोमेंट निर्माण करते. रिग गेली म्हणून सुटका नाही. पाय उपटल्यावर मागे खड्डा आणि घुसळलेली, कमजोर माती उरते.

'मग रिग लांब उभी करा ना!' पण प्लॅटफॉर्मवरच्या विहिरीपर्यंत तिचा डेरिक पोचला पाहिजे, म्हणून जवळ येणं भागच. स्पडकॅनची कड आणि पाइल यांत एका व्यासापेक्षा कमी अंतर असेल तर परिणाम तपासावा, असं आयएसओ १९९०५-१ सुचवतं. पण तपासायचं कुणी? रिगवाला आपले पाय टिकतात का ते बघतो. प्लॅटफॉर्मचं डिझाइन झालं तेव्हा पुढे कुठली रिग येणार हे बहुधा ठाऊकच नसतं. दोघांच्या मधे पाइल!

माझं म्हणणं साधं आहे. प्लॅटफॉर्म डिझाइन करतानाच रिगची जागा ठरवा. प्रत्येक रिग गेल्यावर खड्ड्यांची जागा आणि खोली नोंदवा आणि ती नोंद पुढच्या इंजिनिअरच्या हाती द्या. आणि आपल्या फाउंडेशनच्या पेपरात एक तरी गणित असं हवं, ज्यात भार वरून नाही, शेजारून येतो. परीक्षेतला पाइल एकटा असतो, साइटवरचा नाही.

पटतंय ना?