लोकर घ्यावी तर आक्कांनी

दसरा झाला की आमच्या भागाला पट्टणकोडोलीच्या जत्रेचे वेध लागतात. हातकणंगले तालुक्यातले हे विठ्ठल-बिरदेवाचे ठाणे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातले धनगर बांधव तिथे लोटतात, भंडारा, खोबरे आणि लोकर उधळतात. परतणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पिवळाधमक होऊन येतो.

गेल्या वर्षी मी गेलो तो देवदर्शनाला, पण खिशात आईने दिलेले पैसे होते. तिची घोंगडी विरली होती. "विकतची नको, लोकर आण. आक्का सूत काढून देते म्हणालीय," असे तिने बजावले होते. शेजारच्या आक्का सत्तरी ओलांडलेल्या. माझ्यावर विश्वास नसल्याने त्या बरोबरच निघाल्या.

वाटेत घोंगड्यांची दुकाने लागली. एक मऊ, चकचकीत घोंगडी मला आवडली. आक्कांनी दुकानदाराला विचारून कडेचे दोन धागे ओढले आणि काडी लावली. धागा वितळून टोकाला कडक गोळी झाली. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, काडी दूर केली की ती विझते आणि राख बोटांनी चुरगळते. दुकानदार हसला, आम्ही पुढे निघालो.

भगिनींनो, लोकर घेताना आक्का काय करतात ते सांगतो. आधी मूठभर लोकर फडक्यावर झटकायची. माती, कुसळे, गोखरू किती पडते ते पाहायचे, कारण वजनात तेही मोजले जाते. ओढ्यात मेंढरे धुऊन, वाळवून मग कातरलेली लोकर घ्यावी. हात आत घालून ओल आहे का ते बघावे. मग एक बट दोन्ही हातांनी ताणायची. कट्‌कन तुटली तर मेंढरू आजारी किंवा उपाशी होते असे समजावे. आखूड तुकडे फार असतील तर एकाच जागी दोनदा कातर फिरली आहे. ते सुतात टिकत नाहीत.

मी मात्र एक पांढरा, लांब तंतूंचा ढीग पसंत केला होता. आक्कांनी चिमूट उचलली आणि टाकून दिली. "ह्यात माडग्याळी रक्त हाय. केस हाय त्यो, लोकर न्हाय." जाड, ठिसूळ केस कातताना गळतो आणि राहिला तर अंगाला टोचतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या कळपातबी आता हेच निघतंय. साहेबांनीच नर आणायला सांगितला न्हवं?"

ते साहेब म्हणजे मीच. पंधरा वर्षांपूर्वी आक्कांच्या मुलाला जत तालुक्यातून माडग्याळी नर आणायला मी सांगितले. कोकरे भरभर वाढतात, मटणाला भाव येतो. त्यात खोटे काही नव्हते, त्याच पैशावर त्याच्या घरावर स्लॅब पडला. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर देते आणि पुष्कळदा कातरणाऱ्याची मजुरीही त्यातून सुटत नाही. आजही कोणी विचारले तर हिशेब मी तोच मांडीन. पण आक्कांच्या हातात काय उरेल याचा विचार तेव्हा माझ्या कागदावर नव्हता.

शेवटी एका झाडाखाली काळ्या दख्खनी लोकरीचे गाठोडे मिळाले, त्यात थोडे जावळही होते. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण, सर्वांत मऊ. पिंजण्यातली घट धरून आक्कांनी साडेतीन किलो घ्यायला लावली. म्हणजे सात मेंढ्यांची वर्षभराची लोकर झाली. विकणाऱ्याने सांगितलेला भाव इतका कमी होता, की घासाघीस करायला आलेल्या आक्काच म्हणाल्या, "वरती शंभर द्या त्याला. पुढल्या वर्साला कातरंल तरी."

सूत माघात पुरे झाले. सणगराने चिंचोक्याची खळ देऊन विणले आणि आईने पहिल्याच रात्री पांघरले.

आक्कांच्या मुलाशी बोललो आहे. कळपातल्या दहा काळ्या मेंढ्या वेगळ्या वाघरीत ठेवून त्यांना काळाच नर लावायचा असा बेत आहे. "खर्च कोण देणार?" असे त्याने विचारले. नराचे पैसे मी देतो म्हटले आहे. चांगला काळा दख्खनी नर कुणाकडे असेल तर कळवावे.