क्रिस रिया : नवा अवतार की जुनेच वेड?

एखादा कलावंत उतारवयात वाट बदलतो, तेव्हा रसिक मोठ्या कौतुकाने म्हणतात, “याने नवा अवतार घेतला!” इंग्रज गायक-गीतकार क्रिस रिया याच्या ब्लूज गायनाविषयीही असेच लिहिले गेले. मला ते पटत नाही.

उत्तर इंग्लंडमधील मिडल्सबरो या कारखान्यांच्या गावी १९५१ साली तो जन्मला. वडील इटालियन वंशाचे, आइस्क्रीमचा धंदा. विशी उलटल्यावर त्याने गिटार हाती घेतली ती मिसिसिपीच्या चार्ली पॅटनसारख्या कृष्णवर्णीय गायकांच्या ध्वनिमुद्रिकांनी वेड लावले म्हणून. बोटात नळी चढवून ती तारेवरून सरकवायची ही त्या गायकांची रीत. आपल्या कानांना ती मींडेची आठवण करून देते. रियाने ती सुरुवातीलाच उचलली होती.

पण बाजाराला हवा होता हळुवार प्रेमगीते गाणारा तरुण. कंपनी त्याचे नावही बदलून ‘बेनी सँटिनी’ करायला निघाली होती. पठ्ठ्याने १९७८ च्या पहिल्या तबकडीलाच ‘त्या बेनी सँटिनीचे झाले काय?’ अशा अर्थाचे नाव दिले! तरी पुढे वीस-बावीस वर्षे तो बव्हंशी बाजाराच्याच वाटेने चालला. ‘द रोड टू हेल’ (१९८९) आणि ‘ओबेर्ज’ (१९९१) या तबकड्या ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेल्या. दोष एकट्या कंपनीला देता येणार नाही. करारावर सही त्याचीच होती.

२००१ साली स्वादुपिंडाची जीवघेणी शस्त्रक्रिया झाली. यातून वाचलो तर ब्लूजच करायचे, हा त्याचा निश्चय. २००२ मध्ये त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली आणि २००५ मध्ये ‘ब्लू गिटार्स’ हा संच आणला : ११ तबकड्या, १३७ गाणी, सोबत स्वतः रंगवलेली चित्रे. आफ्रिकेपासून मिसिसिपी, शिकागोपर्यंतचा सारा प्रवास त्यात आहे. म्हणजे त्याच्यात नवे काय होते? सूर जुनाच होता. नवा होता तो नकार. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जावे लागले, याचेच वाईट वाटते.

कापसाच्या मळ्यांत राबलेल्यांचे हे गाणे. गोऱ्या, सुखवस्तू माणसाला ते गाण्याचा अधिकार काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिकागोचा दणकेबाज थाट तो आणू पाहतो तेव्हा गाणे उसने वाटतेच. पण घोगरा आवाज आणि तारेवरून सरकणारी ती नळी एवढीच उरतात, तेव्हा त्याचे स्वतःचे दुखणे बोलू लागते.

२०१६ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. तरी पुढच्याच वर्षी नवी तबकडी आणि दौरा; त्या दौऱ्यात ऑक्सफर्डच्या रंगमंचावर तो कोसळला. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी तो गेला. मृत्युवार्तेत बहुतेकांनी त्याची ओळख करून दिली ती नाताळच्या एका जुन्या लोकप्रिय गाण्याने. ते गाणे वाईट नाही. पण हा माणूस ऐकायचा असेल तर संचातली दुसरी, ग्रामीण ब्लूजची तबकडी आधी लावावी. लॅटिन ढंगाची मागे राहिली तरी चालेल.