शेकर घरात आला, माप कुणाच्या हातात?

लग्नपत्रिकेत ते छापलेलं नसतं, पण तोंडी निरोपात हमखास असतं – ‘आदल्या रात्री कॉकटेल आहे हं!’ हळद, मेंदी, संगीत आणि आता कॉकटेल. मोठ्या शहरांतली ही पद्धत हळूहळू जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावांतही रुळू लागली आहे. आणि तिच्या मागोमाग घराघरांत शिरतेय एक चकचकीत पेटी. तिच्यात स्टीलचा शेकर, गाळणी, लांब दांड्याचा चमचा आणि डमरूसारखं दोन तोंडांचं एक छोटं माप. ‘बार सेट’ म्हणतात त्याला. घरबसल्या मागवता येतो, गृहप्रवेशाला भेट म्हणूनही दिला जातो.

आता तुम्ही म्हणाल, घरात दारू येणं काही नवीन आहे का? नाही. पण पूर्वी ती वर्तमानपत्रात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात यायची. आज ती ट्रेमध्ये येते, उंच ग्लासात, वर पुदिन्याचं पान खोचून. टीव्हीवर दारूची थेट जाहिरात करायला २००० सालापासून बंदी आहे. म्हणून तर दारूच्या नावाचा सोडा आणि म्युझिक सीडी आपल्याला दिसत राहिल्या. मोबाइलवर मात्र ‘पाच मिनिटांत घरच्या घरी मोहितो’ शिकवणारे व्हिडिओ पाककृतीच्या थाटात समोर येतात. पुरणपोळीच्या खाली मोहितो, त्याच्या खाली उपवासाची कचोरी! बघणाऱ्याला ती जाहिरात वाटतच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के, तर स्त्रियांपैकी जेमतेम १ टक्का मद्य घेतात. म्हणजे ज्या घरांत मद्य घेतलं जातं, तिथे बहुतेक वेळा पिणारा एक आणि न पिणारी एक, असंच चित्र आहे. त्या न पिणारीने या नव्या शेकरकडे कसं बघायचं, हा आजचा विषय.

दुकानाला मत आहे, घराला नाही

दारूच्या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या बायकांनी रस्त्यावर उतरून लढाया दिल्या आहेत. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, तो भाग वेगळा. २००८ च्या आदेशाने तर एक चांगलं हत्यार हाती दिलं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिलांनी लेखी मागणी केली, की गुप्त मतदान घ्यायचं. निम्म्याहून अधिक मतदारांनी कौल दिला, की दुकान बंद. ‘आडवी बाटली’ हे चिन्ह त्यातूनच घराघरांत पोचलं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा एवढा विरोध झाला की तो अमलात आलाच नाही. २०२५ च्या मार्चमध्ये विधानसभेत सांगण्यात आलं, की सोसायटीच्या इमारतीत नवं दारूदुकान उघडायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल.

हे सगळं झालं दुकानाबद्दल, बारबद्दल. पण बारच घरात आला तर? तिथे मतदान नाही, चिन्ह नाही, बरोबर घोषणा देणाऱ्या शेजारणी नाहीत. तिथे ती एकटी असते आणि समोर घरचेच लोक असतात. ‘अगं, एवढं काय, सरबतासारखंच तर आहे’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं, ते तिचं तिलाच शोधावं लागतं.

शास्त्र आपलंच, कष्टही आपलेच

गंमत अशी, की या कॉकटेलमध्ये आपल्याला न येण्यासारखं काहीच नाही. दोन भाग मद्य, एक भाग आंबट, एक भाग गोड, हा त्यातला जुना हिशेब. आंबट म्हणजे ताजा लिंबाचा रस, त्याच दिवशी पिळलेला. गोड म्हणजे साखरेचा एकास एक पाक. तार यायला नको, साखर विरघळली की गॅस बंद. फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो. पुदिना हलक्या हाताने दाबायचा, कुटला तर कडवट होतो. फळांचा रस असेल तर शेकरमध्ये हलवायचं, नुसतं मद्य असेल तर चमच्याने ढवळायचं. सोडा मात्र शेकरमध्ये कधीच घालायचा नाही, झाकण उडतं! बर्फाचे तुकडे मोठे असावेत, ते सावकाश वितळतात. आणि बार सेट नसला तरी अडत नाही. घट्ट झाकणाची काचेची बरणी, चहाची गाळणी आणि खलबत्त्यातला बत्ता एवढ्यावर सगळं भागतं.

म्हणजे हे सगळं कोण करतं? कौतुक होतं ते शेकर हलवणाऱ्याचं. पण लिंबं पिळून ठेवणं, पाक करणं, बर्फाचे ट्रे भरणं, शेंगदाणे-काकडी-कांदा चिरून देणं, कांदाभजी तळणं आणि रात्री बारा वाजता काचेचे ग्लास एकेक करून धुणं, हे कुणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नकोच.

हेच काम बाहेर पगाराचं आहे बरं का! मुंबईच्या शतभी बसू १९८० च्या दशकापासून या व्यवसायात आहेत. भारतातली पहिली महिला बारटेंडर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मद्य मिळणाऱ्या ठिकाणी बायकांनी नोकरी करायची नाही, असा पंजाबच्या अबकारी कायद्यातला दिल्लीलाही लागू असलेला जुना नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २००७ मध्ये रद्द केला. बाईचं संरक्षण करायचं म्हणून तिची नोकरीच काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. बाहेर माप हाती घेणाऱ्या बाईला पगार मिळतो. घरात मात्र तिच्या हाती ट्रे येतो, माप येत नाही.

सरबत दिसतं, सरबत नसतं

आणि खरी गोम त्या मापातच आहे. बार सेटमधल्या त्या डमरूला जिगर म्हणतात. एका बाजूला बहुधा ३० मिलिलिटर, दुसऱ्या बाजूला ६० मिलिलिटर. तो नसेल तर पोह्याचे दोन मोठे चमचे मोजू नका, ते घरोघरी वेगळे असतात. केकच्या मापाचा १५ मिलिलिटरचा टेबलस्पून किंवा औषधाच्या बाटलीबरोबर येणारी खुणांची टोपी घ्या.

आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम, व्होडका, जिनमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १५० मिलिलिटर वाईनमध्ये १४-१५ ग्रॅम. आणि ‘बिअरच तर आहे’ म्हणतात ती ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर? तिच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार छोटे पेग!

साधी दारू घशाला लागते, म्हणून माणूस बेताने घेतो. कॉकटेलमध्ये साखर आणि लिंबू ती चव झाकतात. ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ हे नाव ऐकून नणंद-भावजया चहा समजून घेतील. त्यात चहा औषधालाही नसतो. व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याचं लिकर प्रत्येकी १५ मिलिलिटर, म्हणजे सगळं मिळून ७५ मिलिलिटर मद्य, वर कोला. शिवाय घरी बाटलीतून अंदाजाने ओतलं, तर हाच आकडा कुठे जाईल सांगता येत नाही. आणि एका छोट्या पेगमधलं अल्कोहोल पचवायला शरीराला अंदाजे एक तास लागतो. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, कशानेही तो तास कमी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोड्या प्रमाणातल्या मद्यानेही वाढतो. म्हणजे मोजून घेतलं म्हणून ते निर्धोक ठरत नाही. पण न मोजता घेतलेल्यापेक्षा मोजलेलं बरं, एवढं नक्की.

घरात ठरवायच्या गोष्टी

घरात कार्यक्रम ठरलाच, तर काही गोष्टी आधीच ठरवून घेता येतात. पहिली म्हणजे जगभर मद्य एकत्र कालवून ठेवायचं नाही. प्रत्येक ग्लास मापाने, एकेक करून. दुसरी, बिनदारूचा जग वेगळा, वेगळ्या रंगाच्या ग्लासांचा आणि तितकाच देखणा. कोकमाचं आगळ, जिरं आणि सोडा, किंवा कैरीचं पन्हं, पुदिना आणि ग्लासच्या कडेला तिखट-मीठ. नको म्हणणाऱ्याच्या हातात काहीतरी छान असलं, की आग्रह आपोआप थांबतो. तिसरी, आधी जेवण, अधूनमधून पाणी आणि गाडीच्या किल्ल्या दारातच जमा. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चौथी, मुलं घरात असतील तर अर्धवट भरलेले ग्लास टेबलावर राहता कामा नयेत. लाल-हिरवं, गोड पाणी मुलांना सरबतच वाटतं. पाचवी, मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोलसारखी औषधं चालू असणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रीला आग्रह नाहीच.

कायद्याचंही माहीत असू द्या. महाराष्ट्रात घरी प्यायलासुद्धा परवाना लागतो आणि त्यासाठी वयाची अट बिअर-वाईनला २१, बाकी मद्याला २५ वर्षांची आहे. म्हणजे विशीतल्या भाच्याच्या हातात ‘आजच्या दिवस’ म्हणून दिलेला व्होडकाचा ग्लास बेकायदा आहे. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने विदेशी मद्यावरचा कर वाढवला, बाटल्या महागल्या. अशा वेळी ‘गोव्याहून स्वस्तात आणली’ किंवा ‘ओळखीच्याकडून मिळाली’ असं म्हणत येणाऱ्या बाटलीपासून सावध. पहिली बेकायदा आणि दुसरीत काय असेल कुणास ठाऊक. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. रंगीत सरबतात मिसळल्याने विष उतरत नाही.

आणि ज्या घरात पिण्यावरून आधीच मारझोड, भांडणं, पगाराची उधळण आहे, तिथे हा माप-बिपचा विषयच नाही. तिथे शेकर येऊच नये. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. ते फोनमध्ये साठवून ठेवा.

मैत्रिणींनो, ‘मला यातलं काही कळत नाही’ म्हणून स्वयंपाकघरात भजी तळत राहणं सोपं असतं. आपण पीत नाही, म्हणून हा आपला विषय नाही, असंही वाटतं. पण ओटा आपला, लेकरं आपली, रात्री जागायची वेळ आली तर तीही आपल्यावरच. मग किती, कुणाला आणि केव्हा थांबायचं, हे ठरवताना आपणच का गप्प राहायचं? वॉर्डातल्या मतदानाला पडद्याआड जाऊन शिक्का मारता येतो. घरात ती सोय नाही. तिथे पाहुणे यायच्या आधी, सगळ्यांसमोर आणि मोठ्याने सांगावं लागेल.