दोष कुणाच्या माथी?

ग्रहणाचा दिवस जवळ आला, की ज्या घरात गर्भवती स्त्री आहे त्या घरात सूचनांचा वर्षाव सुरू होतो. तिने विळीला हात लावू नये, सुईत दोरा ओवू नये, वेध लागल्यापासून मोक्ष होईपर्यंत अन्नपाणी घेऊ नये. ही बंधने घालणारी माणसे दुष्ट नसतात. येणाऱ्या बाळाच्या काळजीपोटीच ती तसे सांगतात. परंतु पुढे बाळ जोडलेल्या किंवा अधिक बोटांचे जन्मास आले, तर तीच काळजी आरोपाचे रूप घेते. ‘ग्रहणात काहीतरी चिरले असशील,’ हे शब्द त्या मातेस जन्मभर ऐकावे लागतात. हा आरोप निराधार आहे आणि अन्यायाचाही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते शास्त्राच्या आधारे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू होय.

गर्भाचा आरंभ एका पेशीपासून होतो. तिच्या दोन, दोनाच्या चार, अशा असंख्य पेशी होतात. त्यांपैकी प्रत्येक पेशीत जनुकांचा संच बहुतांशी एकच असतो. मग मानेच्या जागी मान, कमरेच्या जागी कंबर आणि हाताच्या टोकाशी बोटे कशी येतात? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांस मिळाले ते पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या चिमुकल्या फळमाशीपासून.

एका अवयवाच्या जागी दुसराच अवयव उगवलेले प्राणी कधी कधी आढळतात, याकडे विल्यम बेटसन यांनी १८९४ साली लक्ष वेधले होते. फळमाशीस दोनच पंख असतात व त्यांच्यामागे तोल सांभाळणारे दोन बारीक अवयव असतात. १९१५ साली कॅल्व्हिन ब्रिजेस यांना अशी एक माशी सापडली, की जिच्या या बारीक अवयवांस पंखाचे रूप येऊ लागले होते. अमेरिकेतील एडवर्ड लुईस यांनी पुढे कित्येक दशके याच कोड्याचा पिच्छा पुरविला आणि पूर्ण चार पंखांची माशी निपजविली. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७८ साली प्रकाशित झाला. १९९५ साली क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोल्हार्ड आणि एरिक विशाउस यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या जनुकांतील बदलामुळे हे घडते त्यांस ‘हॉक्स’ जनुके म्हणतात. घर बांधताना मुकादम स्वतः वीट रचीत नाही. कोठे भिंत आणि कोठे दार, हे तो गवंड्यास सांगतो. तद्वतच ही जनुके अवयव घडवीत नाहीत, तर इतर जनुकांस आज्ञा देतात. नवल असे, की गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने ओळीत बसलेली असतात, त्याच क्रमाने ती शरीराच्या डोक्यापासून शेपटीपर्यंतच्या भागांवर अंमल चालवितात. माशीत अशी ८ जनुके आहेत. मनुष्यात ३९ असून ती २, ७, १२ व १७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर चार गटांत विभागलेली आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांमधील दहाव्या क्रमांकाची सर्व हॉक्स जनुके निकामी केली, तेव्हा कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या! आमच्या हैदराबाद शहरातील सी.सी.एम.बी. या संस्थेतही डॉ. राकेश मिश्रा यांनी फळमाशीतील याच जनुकांच्या नियंत्रणाचा अभ्यास केला आहे. हे ज्ञान आपल्या दाराशी असताना आपण ग्रहणाचे भय बाळगावे, याचा आम्हांस खेद वाटतो.

आता बोटांकडे वळू. हॉक्स डी १३ या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात ॲलॅनिन नावाचे ॲमिनो आम्ल सलग १५ वेळा येते. काही घराण्यांत ही ओळ ७ किंवा त्याहून अधिक घटकांनी लांबलेली असते आणि त्यामुळे तिसरे व चौथे बोट जोडलेले, त्यांच्यामध्ये एक अधिक बोट, अशी रचना होते, हे १९९६ साली उघडकीस आले. हा बदल आईकडून येऊ शकतो, तसाच वडिलांकडूनही. ज्या पालकात तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. जनुके कोणी निवडून घेत नाही. तेव्हा येथे आई दोषी नाही आणि वडीलही नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गर्भाच्या हाताचे अंकुर चौथ्या आठवड्यात दिसू लागतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी झालेली असतात. मग पाचव्या महिन्यातील ग्रहणात विळीवर चिरलेली भाजी त्या बोटांचे काय करणार? सर्वच जन्मजात व्यंगे हॉक्स जनुकांमुळे होतात असे मात्र कोणी समजू नये. फाटलेल्या ओठाची कारणे निराळी व अनेक आहेत. परंतु त्यांतही ग्रहण नाही.

कोणी म्हणतील, ‘पाळले तर बिघडले कोठे?’ बिघडते ते असे, की गर्भवतीस तासन्‌तास उपाशी व तहानलेली ठेवले जाते आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होते. अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल गर्भातील हॉक्स जनुकांच्या कामाची वेळ व जागा ठरविण्यास साहाय्य करते. त्याच जातीचे आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरील औषध गर्भारपणी घेतले गेल्यास बाळात गंभीर व्यंग उद्भवू शकते. म्हणून पंचांगास विचारण्यापेक्षा डॉक्टरांस विचारून औषध घेणे, ही खरी काळजी होय.

या जनुकांचे काम जन्मानंतरही संपत नाही. हॉक्स ए ९ हे जनुक रक्त निर्माण करणाऱ्या पेशींत काम करते व पेशी प्रौढ होऊ लागली की शांत होते. ते तसेच जागे राहिले तर पेशी अपक्व राहून वाढतच जातात. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत हे आढळते. एकच आज्ञा वेळेवर दिली तर देह घडतो, अवेळी दिली तर देह बिघडतो.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेपुरते जनुकांचे पाठ घोकून आपले कर्तव्य संपत नाही. शिकलेले घरी बोलून दाखवावे. आजी रागावतील, तर वाद न घालता नम्रपणे, पुन्हा पुन्हा सांगावे. त्यांनीही कदाचित असाच एखादा आरोप तरुणपणी निमूटपणे सोसला असेल. आणि वर्गात ज्याची बोटे वेगळी आहेत असा कोणी सोबती असेल, तर त्याच्या हाताकडे टक लावून पाहू नये. तो हात मैत्रीने हाती घ्यावा. एका मातेच्या माथ्यावरील खोटा दोष जरी आपल्या बोलण्याने उतरला, तरी आपले शास्त्र शिकणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.