रुमालाखालचा भाव

रात्रीची जेवणं आटोपली की फेसबुकवर येवल्याच्या पैठण्यांची ‘लाइव्ह’ विक्री सुरू होते. रिंगलाइटच्या उजेडात एक ताई साडी खांद्यावर टाकते, पदर कॅमेऱ्याजवळ आणते, मुनिया काठ उलगडून दाखवते, ‘एकच पीस आहे ताई, हवा असेल तर लगेच स्क्रीनशॉट काढा आणि खालच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा’ असं सांगते आणि पुढच्या घडीला हात घालते. खाली कॉमेंटमध्ये कितीतरी जणी एकच प्रश्न विचारत असतात, ‘प्राइस?’ आणि त्यांना एकच उत्तर मिळत असतं, ‘इनबॉक्स केलंय.’ माल असा शेकडो डोळ्यांसमोर मांडला जातो; भाव, अटी आणि पैसे मात्र दोन फोनच्या मधे, तिसऱ्याला दिसणार नाही अशा रीतीने ठरतात. या विक्रीला माझा विरोध नाही. हातमागावर बसणाऱ्याला गिऱ्हाईक थेट भेटण्याची एवढी मोठी संधी याआधी कधी आली नव्हती, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच तिचा निम्मा भाग झाकलेला राहतो, हे मला जास्त खटकतं.

ही विक्री आपल्याकडे कशी रुजली, ते आधी पाहायला हवं. 2016 या एकाच वर्षात यूपीआय आलं आणि जिओमुळे मोबाइल इंटरनेट स्वस्त झालं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, ऐन लग्नसराईत दुकानं बंद झाली आणि तयार साड्या घडीत पडून राहिल्या. तेव्हा ज्यांनी फोन हातात घेतला, त्यांनी तो नंतर खाली ठेवलाच नाही. गंमत अशी की फेसबुकने स्वतःची लाइव्ह शॉपिंगची खास सोय 1 ऑक्टोबर 2022 ला जगभर बंद केली, इन्स्टाग्रामनेही 2023 च्या मार्चमध्ये तेच केलं. आपल्याकडच्या ताईंना त्याचा पत्ताही लागला नाही. कारण त्यांचा धंदा त्या सोयीवर उभाच नव्हता. दाखवायला फेसबुक, बोलायला व्हॉट्सअ‍ॅप, पैशाला यूपीआय आणि पोचवायला कुरिअर, अशी चार ठिकाणची जुळणी त्यांनी स्वतःच केली होती. या जुळणीतली हुशारी मान्य करायलाच हवी. पण याच जुळणीमुळे संपूर्ण व्यवहाराची नोंद एकाही ठिकाणी राहत नाही, आणि काही बिनसलं तर चौघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

पैठणीच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर होतो, कारण पैठणी हे नाव एक असलं तरी त्याखाली विकला जाणारा माल एक नाही. पारंपरिक हातमागावर काठ-पदराची नक्षी विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी ताण्यातून बोटांनी फिरवावी लागते. दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून मागे वळवले जातात. म्हणून अशा पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नक्षीत मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. हातमागाच्या साध्या साडीला काही आठवडे लागतात, पदर भरगच्च असेल तर कित्येक महिने. किमतीतला फरकही त्याच मापाचा: यंत्रमागावरची सेमी पैठणी दोन-तीन हजारांत येते, हातमागाची अस्सल पैठणी दहा-बारा हजारांच्या पुढे सुरू होऊन लाखांपर्यंत जाते. सेमी पैठणीत वाईट काहीच नाही. ज्या घरांना लाखाची साडी परवडत नाही, त्या घरांतल्या मुलींनीही मोराचा पदर मिरवावा. प्रश्न एवढाच, की विकत घेणारीला आपण काय घेतोय हे कळतं का?

लाइव्हमध्ये ऐकू येणारे शब्द इथे नीट ऐकायला हवेत. ‘ओरिजिनल येवला’, ‘प्युअर सिल्क’, ‘डायरेक्ट विणकराकडून’. यातला ‘प्युअर सिल्क’ हा शब्द अगदी खरा असूनही ग्राहकाची दिशाभूल करू शकतो, कारण यंत्रमागावरही शुद्ध रेशीम विणता येतं. 2004 मध्ये सुरू झालेला सिल्क मार्क फक्त रेशमाची खात्री देतो. हातमागाची खात्री देणारा हँडलूम मार्क वेगळा, तो 2006 चा. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कुठल्याही मोराच्या पदरासाठी मिळालेलं नाही. तरीही तासाभराच्या लाइव्हमध्ये ‘हातमाग’ की ‘यंत्रमाग’ हा एक शब्द बऱ्याचदा उच्चारलाच जात नाही. खोटंही कुणी बोललेलं नसतं, आणि तरी घरी आलेल्या साडीबद्दल घेणारीची समजूत चुकीची असते. याचा पहिला फटका ग्राहकाला बसतो, हे उघड आहे; दुसरा आणि मोठा फटका येवल्यातल्या आणि शेजारच्या नागडे गावातल्या मागावर बसतो. दोन्ही साड्या पडद्यावर सारख्याच झळाळतात, आणि मधला शब्द गाळला की महिनाभराच्या मजुरीची तुलना थेट दिवसभरात निघणाऱ्या यंत्राच्या मालाशी होते. मग ‘तुमचीच एवढी महाग कशी?’ हा प्रश्न विणकराला विचारला जातो.

येवला ज्या नाशिक जिल्ह्यात येतं, त्या जिल्ह्याला उघड्या विक्रीचं आणि झाकलेल्या भावाचं नातं नव्याने शिकवायची गरज नाही. पूर्वी देशातल्या अनेक शेतमाल बाजारांत हत्ता पद्धत चालायची. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. शेतकरी शेजारी उभा असायचा, माल त्याचाच असायचा, पण भाव काय बोलला गेला हे त्याला कळायचं नाही. शेतीविषयक रॉयल कमिशनने 1928 मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई इलाख्यात 1939 चा कायदा आला, पुढे महाराष्ट्राचा 1963 चा. आज लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याची बोली मोठ्याने होते, रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला शेजारच्या ट्रॅक्टरचा भाव ऐकू येतो, काट्यावर वजन होतं आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. शेतकऱ्यांच्या तक्रारी संपल्या, असा दावा कुणी करणार नाही. पण तक्रार करायला हातात कागद असतो आणि शेजाऱ्याचा भाव ठाऊक असतो. ‘प्राइस इनबॉक्स’ म्हणजे तोच रुमाल. एकाच साडीचा भाव एकीला एक आणि दुसरीला दुसरा सांगितला गेला, तर दोघींनाही ते कधी कळणार नाही.

विक्रेते याची कारणं देतात आणि ती पोकळ नाहीत. भाव उघड केला की स्पर्धक लगेच शंभर रुपयांनी खाली येतो. माल घेऊन पुढे विकणाऱ्या रिसेलर बायकांचं मार्जिन त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर उघडं पडतं. रिसेलरची अडचण खरी आहे, पण तिला वेगळा घाऊक दर खासगीत कळवता येतो. त्यासाठी किरकोळ गिऱ्हाइकापासून किरकोळ भाव लपवायची गरज नाही. आणखी एक कारण सहसा बोललं जात नाही: भाव विचारणाऱ्या कॉमेंट जितक्या जास्त, तितका तो व्हिडिओ जास्त जणींपर्यंत पोचतो. भाव पडद्यावर लिहिला तर कॉमेंट आटतात. म्हणजे इथे झाकपाक करायची सवय काही प्रमाणात त्या माध्यमानेच लावली आहे, आणि सगळा दोष ताईच्या माथी मारणं अन्यायाचं होईल.

भावानंतर अटी. ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ आणि ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही’ ही दोन वाक्यं आता इतकी सर्रास झाली आहेत, की पार्सल फोडताना एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात फोन धरणं बायकांना सक्तीचंच वाटतं. कायद्यात अशी सक्ती नाही. व्हिडिओ पुरावा म्हणून उपयोगी पडतो, तो काढावाच. पण तो नाही म्हणून हक्क बुडत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ऑनलाइन खरेदी करणाऱ्यालाही ग्राहक मानलं आहे. बिल न देणं, तसंच सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. शिवाय तक्रार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. नाशिकच्या सिडकोतल्या गृहिणीने सुरतेच्या विक्रेत्यासाठी सुरतेला जायची गरज नाही. पण तिच्या हातात काय असतं? एक यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तोही बऱ्याचदा भलत्याच नावाच्या खात्याचा, आणि एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर. ‘लाइव्हमध्ये हातमाग म्हटलं होतं’ हे सिद्ध करायला तो व्हिडिओ लागेल, आणि फेब्रुवारी 2025 पासून फेसबुक नवे लाइव्ह व्हिडिओ तीस दिवसांनी आपोआप काढून टाकतं. साडी लग्नासाठी घेतलेली असते, लग्न दोन महिन्यांनी असतं, घडी तेव्हाच मोडली जाते.

याला सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हा धंदा करणाऱ्यांत मोठ्या संख्येने घर सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यामागे नियमांचा ससेमिरा लावला तर मोठ्या कंपन्या तरतील आणि त्याच बुडतील. हा आक्षेप मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच दुकानाचा परवाना किंवा अनामत रक्कम असली काही मागणी मी करणार नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनीही नियमित व्यवसाय न करणाऱ्या व्यक्तीला वगळलेलं आहे. पण ठरल्या वारी ठरल्या वेळी लाइव्ह येणारी ताई व्यापारी आहे, आणि हे म्हणण्यात तिचा मानच आहे. पडद्यावर भाव लिहायला भांडवल लागत नाही. साध्या कागदावर नाव, पत्ता, तारीख, रक्कम आणि मालाचा प्रकार लिहून द्यायला जीएसटी नोंदणी असलीच पाहिजे असंही नाही. उलट फसवणाऱ्या पाच पानांमुळे ज्या पन्नास प्रामाणिक जणींवर संशय घेतला जातो, त्यांना याचा फायदाच होईल.

‘आमचा ताईंवर विश्वास आहे’ असं म्हणणाऱ्या ग्राहकही पुष्कळ आहेत. तो विश्वास खोटा नाही; रोज दिसणारा चेहरा, नावाने मारलेली हाक, आजारी सासूची चौकशी यातून तो आलेला असतो. पण फॉलोअर्स वाढले की पार्सल भरणारे हात वेगळे, फोन उचलणारा वेगळा आणि माल आणणारा तिसराच. मेन रोडवरच्या दुकानदारानेही कधी ना कधी सेमीला अस्सल म्हणून विकलं असेल, हेही मला मान्य. फरक इतकाच, की दुसऱ्या दिवशी साडी काखेत मारून त्याच्या पायरीवर जाऊन उभं राहता येतं.

राहता राहिली फेसबुक आणि इन्स्टाग्रामची जबाबदारी. चीनमध्ये ताओबाओने 2016 मध्ये लाइव्ह विक्री सुरू केली, तिथे खरेदी त्याच अ‍ॅपमध्ये पूर्ण होते आणि नोंद तिथेच राहते. म्हणून मे 2021 मध्ये तिथल्या सरकारला थेट विक्रीचे वेगळे नियम लागू करता आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विया या विख्यात विक्रेतीला करचुकवेगिरीबद्दल 1.34 अब्ज युआन भरायला लावता आले. चीनची सरकारी पकड आपल्याकडे यावी, असं मला मुळीच वाटत नाही. पण आपले 2020 चे नियम मोठ्या वेबसाइट डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. व्हिडिओ एका कंपनीचा आणि पैसे दुसऱ्या अ‍ॅपवर, अशा व्यवहारात ‘आम्ही फक्त व्हिडिओ दाखवतो’ म्हणून अंग काढून घ्यायला त्यांत भरपूर जागा आहे. जानेवारी 2023 मधल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांना लाइव्ह चालू असेपर्यंत तसा खुलासा पडद्यावर सतत दिसेल असा ठेवायला सांगितलं आहे. तेच बंधन विक्रीच्या लाइव्हला लावावं: भाव, हातमाग की यंत्रमाग, आणि विक्रेत्याचा पत्ता. जो व्हिडिओ विक्रीचा म्हणून केला जातो, तो तीस दिवसांत न पुसता निदान वर्षभर ठेवावा. दिल्लीतून हे व्हायला वेळ लागेल. येवल्यातल्या विणकरांना मात्र थांबायचं कारण नाही. लाइव्हमध्ये पदर दाखवून झाला की तो उलटा करून मागची बाजू कॅमेऱ्यासमोर धरायला दहा सेकंद लागतात, आणि यंत्रमागाचा माल विकणाऱ्याला तेवढंच करता येत नाही.