धुळे कोणी वसवले? एका नावात न मावणारे शहर

१/ धुळ्याचे सरळ रस्ते आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या यांचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येते : हे शहर सर विश्वेश्वरय्यांनी आखले. विधान अभिमानास्पद आहे. मात्र कालक्रमाच्या कसोटीवर ते टिकत नाही.

२/ विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले १८८४ साली. नव्या धुळ्याची पायाभरणी १८१९ ची, म्हणजे त्यांच्या जन्माच्याही सुमारे चार दशके आधीची. पांझरेच्या खोऱ्यात त्यांनी तरुणपणी पाण्याच्या नळमार्गाचे अवघड काम तडीस नेले, हे खरे. त्या कामगिरीला शहर-आखणीच्या उसन्या श्रेयाची गरज नाही.

३/ मग श्रेय कोणाचे? १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे म्हणून निवडले. पुढे फिरिश्त्याचा इतिहास इंग्रजीत आणणारा ब्रिग्ज तो हाच. धुळे प्रांताच्या मध्यावर होते आणि दक्षिणेतून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या वाटेवर होते, हे त्याने हेरले.

४/ तेव्हा धुळ्यात ४०१ घरे होती आणि माणसे २,५०९. नुसत्या नकाशाने पेठ भरत नाही. म्हणून बऱ्हाणपूर आणि इतर गावांतल्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना बोलावणे गेले. बिनभाड्याच्या जागा आणि घरबांधणीसाठी आगाऊ रकमा देण्यात आल्या. १८७२ पर्यंत वस्ती १२,४८९ वर पोहोचली.

५/ परंतु ब्रिग्जपाशी थांबणे हीसुद्धा तीच चूक ठरेल. त्याच्या आधी १८०३ च्या दुष्काळात धुळे ओस पडले होते. दुसऱ्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी गाव पुन्हा वसवले. ब्रिग्जला जे धुळे मिळाले, ते असे उजाडून पुन्हा उभे राहिलेले गाव होते.

६/ ज्या वर्षी वस्ती १२,४८९ भरली, त्याच १८७२ साली पांझरेला महापूर आला आणि घरादारांची मोठी हानी झाली. धुळे त्यातूनही सावरले. १९०० मध्ये चाळीसगावहून लोहमार्ग आला, १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्यालय झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती.

७/ एका थोर नावाची दंतकथा वरवर निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ती शहर घडवणाऱ्यांच्या हातून त्यांचे शहर काढून घेते. बऱ्हाणपूर सोडून अनोळखी गावी माग मांडणारा कारागीर, दुष्काळानंतर माघारी आलेले कुटुंब, पुरानंतर त्याच काठी पुन्हा भिंत उभारणारा गवंडी : यांचे पुतळे नाहीत, म्हणून त्यांचे कर्तृत्वही नव्हते असे होत नाही.

८/ दंतकथा धुळ्यातच फोफावावी, हे अधिकच खटकते. कागदाच्या पुराव्यासाठी आयुष्य वेचणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी याच शहरात निवर्तले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये येथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अस्सल दप्तरे ज्या गावात जपली जातात, त्या गावाने आपलाच इतिहास ऐकीव गोष्टींवर सोडू नये.

९/ प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला अशी एखादी सोयीची कथा चिकटलेली असते. गाव कोणी वसवले, या प्रश्नाचे उत्तर एका नावात संपते. तेथे राहायला कोण आले, कोठून आले आणि संकटानंतरही का टिकले, हे विचारले की खरा इतिहास सुरू होतो.