धिस साइड अप

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या सहामाहीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. आमची ही म्हणाली, "यांतलंच काहीतरी लिहा की! दरवर्षी रात्री अकरा वाजता एकटेच हसता ते वाचकांनाही कळू द्या." हसतो हे खरे, पण यंदा एका उत्तरपत्रिकेवर अडकून पडलो आहे. त्या पत्रिकेची हकिकत सांगायची तर थोडे मागून सांगितले पाहिजे.

आमची शाळा मराठी माध्यमाची, कोपरखैरण्यातली. खिडकीतून रेल्वेचा आवाज येतो. 2004 साली ठाणे–वाशी गाडी सुरू झाल्यापासून शेवटच्या तासाला मुलांचे अर्धे लक्ष त्या गाडीत असते, आणि खोटे कशाला बोलू, माझेही असते. वर्गात तीन तऱ्हेची मुले. काही मूळच्या आगरी गावांतली, ज्यांच्या आजोबांच्या खाडीकाठच्या भातशेतीवर आज ही सेक्टरे उभी आहेत. काही रबाळे-तुर्भ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची. आणि बरीचशी वाशीच्या मार्केटातल्या माथाडी कामगारांची, म्हणजे साताऱ्याकडची. यांना इंग्रजी शिकवायचे, तेही दुपारी, जेवणानंतर, घुमणाऱ्या पंख्याखाली.

गेली कित्येक वर्षे माझी पद्धत एकच. मी एक वाक्य वाचायचे, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, अवघड शब्द फळ्यावर लिहायचे, मुलांनी ते उतरवून घ्यायचे. आम्ही स्वतः तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर वाढलो. आमच्या हातून दुसरे काय होणार? पण या जुलैत एक गोष्ट ध्यानात आली. धडा वाचता वाचता मी चुकून एक अख्खा परिच्छेद गाळला आणि पुढचा सुरू केला. अठ्ठेचाळीस मुलांपैकी एकानेही हात वर केला नाही. सगळ्यांच्या माना पुस्तकात, पेन्सिली चालू! वर्ग इतका शांत होता की, मुख्याध्यापकांनी पाहिला असता तर शाबासकी दिली असती.

वाचकहो, मुलांचे लक्ष नसते अशी तक्रार आम्ही शिक्षक पिढ्यान्पिढ्या करीत आलो आहोत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू केले, तेव्हा लोक म्हणाले, फार उशीर होतो. 2000 साली ते पहिलीपासून आणले, तेव्हा म्हणाले, फार लवकर होते. सुरुवात कुठल्या इयत्तेत करायची यावर जेवढे भांडण झाले, त्याच्या चतुर्थांश तरी तासाला बाकावर काय घडते यावर व्हायला हवे होते. मायकेल वेस्ट नावाचे एक गृहस्थ बंगालमध्ये ढाक्याला होते. तिथल्या मुलांसाठी त्यांनी वाचनमाला काढल्या, आणि 1960 साली एक छोटे पुस्तक लिहिले: 'टीचिंग इंग्लिश इन डिफिकल्ट सर्कमस्टान्सेस'. गच्च भरलेला वर्ग, दाटीवाटीची बाके, उकाडा, स्वतःच जेमतेम इंग्रजी बोलणारा मास्तर, हे सगळे त्यांनी गृहीत धरलेले. मला तर ते माझ्याच वर्गाचे वर्णन वाटले. याच वेस्टसाहेबांनी रोजच्या वापरातल्या सुमारे 2000 शब्दांची यादी 1953 साली प्रसिद्ध केली होती. आमच्या पोरांना असे किती शब्द आधीच ठाऊक असतील, असा विचार मनात आला.

तर एका शुक्रवारी पुस्तक मिटून ठेवले आणि म्हटले, घरातून, रस्त्यावरून, दुकानातून, कुठूनही इंग्रजी छापलेला एक कागद सोमवारी आणायचा. नवी मुंबईत इंग्रजीला काय तोटा! इथे पत्तासुद्धा इंग्रजीत जन्माला येतो. ज्या मुलाला साधे एक इंग्रजी वाक्य बोलता येत नाही, तोही सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग, विंग, फ्लोअर असा सगळा पाढा एका दमात म्हणतो. सिडकोने 1970 पासून हे शहर वसवता वसवता शब्दही वसवले!

सोमवारी कागदांचा बाजार भरला. औषधाच्या पट्ट्या, साबणाची वेष्टने, लाइटबिल, बिस्किटांचे पुडे. एकीने लग्नपत्रिका आणली होती. तीत 'अवर बिलव्हेड सन' म्हणजे काय, यावर मागच्या बाकांवर फार हास्यविनोद झाला. आणि खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा आवाज मी दोन वर्षांत हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, त्याने दप्तरातून पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा काढला. त्याचे वडील फळबाजारात माथाडी. परदेशी सफरचंदांच्या खोक्याची ती बाजू होती. तिच्यावर वर तोंड केलेला बाण आणि खाली छापलेले: धिस साइड अप. हँडल विथ केअर.

"वाच," मी म्हटले. त्याने वाचले. अर्थ विचारला, तर चटकन म्हणाला, "ही बाजू वर. खोकं उलटं टाकलं तर माल दबतो, सर. मग गाळ्यावर बोलणी खावी लागतात." मग जरा थांबून म्हणाला, "पण सर, तुम्ही म्हणता इंग्रजीत क्रियापदाशिवाय वाक्य होत नाही. यात 'इज' कुठाय?"

आता माझी परीक्षा. मी म्हटले, "पुठ्ठ्यावर जागा कमी असते." वर्गाला ते पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही. तेवढ्यात बोनकोड्याच्या बाजूची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, आपल्यातपण असंच असतं. 'रस्ता बंद' लिहितात, 'रस्ता बंद आहे' कुणी लिहीत नाही." झाले! पुढची वीस मिनिटे मला बोलायला जागाच उरली नाही. 'नो पार्किंग', 'मेन ॲट वर्क', 'गाळा भाड्याने देणे', 'वेट पेंट'. कुठे क्रियापद दडले आहे, कुठे मुळातच नाही, कुठे हुकूम आहे, कुठे नुसती माहिती. 'हँडल' हे इथे नाम नसून क्रियापद आहे हे शोधून काढले सायकलवाल्या पोराने. त्याची खात्री होती की, हँडल म्हणजे फक्त हँडल. नववीच्या व्याकरणातला जो आज्ञार्थ मी तीन तास शिकवत होतो, तो त्या दिवशी पुठ्ठ्यावरून उतरला.

पर्यवेक्षक दारातून डोकावून गेले. नंतर त्यांनी शांतपणे विचारले, "सर, तास कुणी घेत नव्हतं का?" पोर्शन मागे पडला, हेही खरे. वर्षभर असले पुठ्ठे आणून भागत नाही. पुस्तकातले धडे शिकवावेच लागतात. पण तेव्हापासून धडा सुरू करण्यापूर्वी मी एक प्रश्न मुलांकडून घेतो. कसलाही. बहुतेक प्रश्न वाह्यात असतात. चारांतला एक मात्र मला घरी येऊन शब्दकोश उघडायला लावतो. आणि परिच्छेद गाळला तर आता निदान पाचसात जण ओरडतात.

सहामाहीआधी पालकसभेला त्या मुलाचे वडील आले. रात्रपाळी करून थेट आलेले. खांद्यावर टॉवेल, डोळे तांबारलेले. पोराचे कौतुक त्यांनी ऐकून घेतले नि म्हणाले, "ते झालं, सर. पण धाकटीला जूनमधी पहिलीत घालायचीय. मराठीत घालू का इंग्लिशमधी? तुमी सांगाल तसं."

मी बोलू लागलो. मातृभाषेतून मुलाला विषय नीट समजतो, घरी कुणाला इंग्रजी येत नसेल तर इंग्रजी माध्यमात लेकरू मुके होऊन बसते, हे मी अनेकदा बोललो आहे नि ते मला मनापासून पटते. त्यांनी सगळे मान हलवून ऐकले. मग अगदी सहज, कुठलाही टोमणा न ठेवता विचारले, "तुमचा मुलगा कुठं शिकला, सर?"

माझा मुलगा वाशीला इंग्रजी शाळेत शिकला. तसे सांगितले. ते "बरं" म्हणाले, टॉवेल खांद्यावर नीट घेतला, आणि "बघतो" म्हणून गेले. धाकटीचे काय ठरले ते मला अजून ठाऊक नाही. मीही विचारायचे धाडस केलेले नाही.

आता ती उत्तरपत्रिका. पत्रलेखनाचा प्रश्न आहे: आजारी असल्याने दोन दिवसांची रजा मागणारा अर्ज वर्गशिक्षकांस लिहा. पाच गुण. मागच्या बाकावरच्या त्या पठ्ठ्याने मायना अगदी बिनचूक लिहिला आहे. त्याखाली मजकूर असा: "आय सिक. फीव्हर. टू डेज लीव्ह. हँडल विथ केअर." आणि कडेला, माझ्यासाठी, मराठीत बारीक अक्षरात: "सर, जागा कमी होती."

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. पाचांपैकी दोन दिले, मग खोडून तीन केले. ही विचारते आहे, एकटेच का हसताय?